रंधा मारलेली फळी

आमच्या पाड्यात मला कोणी कधी अपशकुनी म्हटलं नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण तोंडावर म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते, रडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. तसं झालं नाही. मला कामं सांगितली गेली. नवं जाळं पहिल्यांदा होडीत चढायचं असलं की काकूला नेमकं मीठ आठवायचं. मी डहाणूच्या बाजारात जाऊन मीठ घेऊन यायचे आणि बघायचे तर घरातला रांजण गळ्यापर्यंत भरलेला. कोणाच्या घरी नवरी निघायची असली की आई मला मागच्या पडवीत लसूण सोलायला बसवायची. अजूनही कोणी मला विनाकारण लसूण सोलायला दिली की मी आधी उठून बाहेर काय चाललंय ते बघते.

मी मच्छीमाराची मुलगी. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या अख्ख्या पाड्यातही पहिलीच. हे मी मिरवते. मिरवायला मला लाज वाटत नाही. पण हे शिक्षण मला कोणी, कशासाठी दिलं, हा संशय माझ्या मनात पुष्कळ वर्षं होता, आणि ही हकीकत त्या संशयाची आहे.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. तोवर दुसऱ्याच्या होडीवर वाट्याने जाणाऱ्या माझ्या बापाने स्वतःची होडी बांधायला घेतली. आमच्याकडे बापाला बा म्हणतात आणि तू म्हणतात. कॉलेजात मी हे सांगितलं तेव्हा मुली हसल्या होत्या. बाने मिस्त्री आणला तो उंबरगावकडचा, गुजराती बोलणारा. उन्हाळाभर खाडीच्या काठाला ती होडी उभी राहत होती. मिस्त्री फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा, वर राळ आणि तेल चोपडायचा, आणि मी दिवसभर तिथे बसून ते बघायचे.

आमच्याकडे नवी होडी पाण्यात लोटण्याआधी तिच्यावर घरातल्या लहान मुलीचं पाऊल पडावं लागतं. ताटात कुंकवाचं पाणी करतात. मुलगी त्यात उजवा पाय बुडवते आणि बाप तिला उचलून होडीच्या पुढच्या टोकाशी, म्हणजे नाळेशी, उभी करतो. फळीवर लाल पाऊल उठलं की बायका ओवाळतात आणि पुरुष होडीला खांदे लावतात. ते पाऊल माझं होतं. बाने मला उचललं तेव्हा त्याचे हात राळेने चिकट होते आणि माझ्या नव्या फ्रॉकला काळे डाग पडले. आई ओरडली नाही. त्या दिवशी मला कोणीच ओरडणार नव्हतं. वरून सगळा पाडा दिसत होता आणि सगळा पाडा माझ्याकडे बघत होता. इतकं महत्त्व मला पुन्हा पदवीच्या दिवशीही मिळालं नाही.

होडी गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. फटींतून पाणी आत यायला लागलं, उपसता उपसता माणसं थकली. वजन कमी करायचं म्हणून जाळं कापून सोडून दिलं. किनाऱ्याला लागताना माझ्या काकाचा, म्हणजे बाच्या धाकट्या भावाचा, हात होडी आणि खडक यांच्यामध्ये सापडला. त्याची दोन बोटं गेली. कोणी मेलं नाही, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

होडी वर ओढली. त्या गडबडीत मला कोणी विचारत नव्हतं, म्हणून मी दोन-तीन दिवसांनी माझं पाऊल बघायला गेले. पाऊल नव्हतं. बाकीच्या फळ्या तेलाने काळपट, आणि नाळेशी मधेच हातभर जागा ताज्या लाकडाची, पांढुरकी. खाली वाळूत लाकडाच्या कुरळ्या सालपटांचा ढीग पडला होता आणि त्यातल्या काहींची कड लाल होती.

रंधा मिस्त्रीचा, म्हणजे मारला मिस्त्रीनेच, असं मी ठरवून टाकलं. मुलांची अक्कल एवढीच चालते. तेव्हापासून त्या माणसाला मी बघून ठेवलं. होडी त्याने बांधली, गळली त्याच्या हाताने, आणि खापर माझ्या पायावर फोडलं, असा माझा हिशेब होता. तो पाड्यात दुसऱ्या कोणाच्या कामाला आला आणि मला बघून हसला की मी तोंड फिरवायचे.

त्यानंतर मीठ आणि लसूण सुरू झालं. आणि वर्ष उलटायच्या आत मला घोलवडला मावशीकडे शिकायला ठेवलं.

मावशी एका वाडीत चिकू पेटीत भरायच्या कामाला जायची. शाळा सुटली की मीही तिच्याबरोबर बसायचे. नखाने चिकूची साल जराशी खरवडायची; आत हिरवं दिसलं तर बाजूला टाकायचा, पिवळट दिसलं तर पेटीत, पेंढा घालून. स्टेशनवर पेट्या गाडीत चढेपर्यंत सगळे घाईत. मला तिथे कोणी कामाच्या नावाखाली दूर पाठवत नव्हतं, काम होतं ते खरंच काम होतं. त्या वाडीत मी सुखी होते असं म्हणायला हरकत नाही. अभ्यासात पहिली यायचे. मावशी सगळ्यांना सांगायची, हिच्या बाची हिच्यावर फार माया, पोरीला शिकवायचं म्हणून काळजावर दगड ठेवून इथे ठेवलीय.

बा यायचा. पंधरा-वीस दिवसांनी सुके बोंबील घेऊन यायचा, वाडीच्या फाटकाशी उभा राहायचा, माझा नंबर विचारायचा आणि मान हलवायचा. दिवाळीच्या सुट्टीत घरी ने म्हटलं तर म्हणायचा, आता धंद्याचे दिवस, घरी कोणी नसतं, तू कुठे एकटी बसणार. नाताळला तेच. न्यायचा तो मे महिना संपता संपता. मी आनंदाने जायचे, आणि शाळा उघडली की परत.

पंधरा वर्षांची होते तेव्हा एकदा घरी आले असताना किनाऱ्यावर उभी राहिले. सगळ्या होड्या वर ओढलेल्या, झावळ्यांनी शाकारलेल्या, पावसाळ्याच्या तयारीत. आणि एकदम डोक्यात आलं की या किनाऱ्यावर पाण्यात असलेली होडी मी किती वर्षांत पाहिलेली नाही. मला घरी आणत होते ते फक्त होड्या वर असताना.

त्यानंतर बाने माझ्यासाठी केलेली प्रत्येक गोष्ट मी चिकूसारखी नखाने खरवडून बघू लागले. मॅट्रिकनंतर पाड्यातले म्हणाले, पोरीला आता उजवून टाक. बाने ऐकलं नाही, मुंबईला वसतिगृहात ठेवून कॉलेजात घातलं. मी मनात म्हटलं, घोलवड जवळ पडत होतं वाटतं. बी. ए. झाले तेव्हा त्याने घरोघर पेढे दिले, मिस्त्रीलाही दिले. लोक म्हणाले, बापाची छाती बघा. मी बघत होते ती छाती अभिमानाने फुगलीय की सुटल्यासारखी झालीय, ते. मला काही ठरवता आलं नाही. असल्या गोष्टी शिकवणारा वर्ग आमच्या कॉलेजात नव्हता.

नोकरी मिळाली तलासरीला, शाळेत. म्हणून राहायला घरीच आले. सकाळची एस. टी. पकडायची, चारोटीवरून हमरस्त्याने तलासरी. वर्गात निम्मी मुलं झरीसारख्या गावांतून चालत आलेली, घरी वारली बोलणारी, बाजारात गुजराती ऐकणारी आणि माझ्यासमोर मराठी लिहिणारी. त्यांना मी शिकवायचे ते चांगलं शिकवायचे. पण सकाळी घरातून निघाले की किनाऱ्याच्या सरळ वाटेने जायचे नाही. त्या वेळी होड्या निघायच्या असतात. मी मागून, बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या रांगांमधून, उकिरड्याला वळसा घालून जायचे. मला तसं जा म्हणून कोणी सांगितलेलं नव्हतं. पदवीधर बाई, हातात छत्री, इस्त्रीची साडी, आणि उकिरड्यावरून वाट. पाय आपोआप वळायचे, आणि ते वळतात हे कळायचं तेव्हा दिवसभर जिवाचा संताप व्हायचा.

एकदा सुट्टीच्या दिवशी खाडीवर मिस्त्री भेटला. तो आता म्हातारा झाला होता. बा आणि काका मिळून इंजिनाची नवी होडी बांधून घेत होते आणि तीही त्याच्याकडेच. मी वयाने मोठी झाले होते, पगार होता, म्हणून सरळ विचारलं की आमच्या पहिल्या होडीच्या फळीवर रंधा का मारला.

त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग म्हणाला, "बेन, रंधा माझा होता. हात माझा नव्हता."

मग कोणाचा, विचारलं तर म्हणाला, घरात विचार. आणि पुढे स्वतःहून एवढंच सांगितलं की ते वहाण, म्हणजे होडी, तयार नव्हतं. फळ्या अजून पाणी पिऊन फुगायच्या होत्या, पुढच्या उधाणापर्यंत थांबायला त्याने सांगितलं होतं.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. गळलेल्या होडीचा प्रत्येक मिस्त्री असंच म्हणणार. पण घरी येऊन मी काकूला विचारलं, कारण काकूच्या पोटात काही राहत नाही. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. म्हणाली, "जुनं उकरून तुला काय मिळणार गं? तुझं तर भलंच झालं. नाहीतर आज माझ्यासारखी टोपली घेऊन बाजारात बसली असतीस, बी. ए. बाई."

ती टोमणा मारत होती, पण वाईट हे की ते खरं होतं. माझा अपमान झाला म्हणून मी शिकले. मग तक्रार करायची कशाची, आणि आभार मानायचे कोणाचे? त्या प्रश्नावर मी अनेक दिवस गप्प बसले. काकू भाकरी बरोबर जागी थापते, हे मला तेव्हा कळलं.

बोलणं निघालं ते बामुळेच. नवी होडी अमावास्येच्या उधाणाला लोटायची ठरली. मोठी भरती दुपारची. दोन-तीन दिवस आधी बा ओसरीवर जाळं दुरुस्त करत होता आणि मी वह्या तपासत होते. मान वर न करता त्याने विचारलं, "अमावास्येला तुझी शाळा असते ना?"

या माणसाने माझ्या शाळेच्या वेळेबद्दल आजवर कधी विचारलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

"असते. का?"

"नाही, सहज."

"बा, सहज नाही. मी त्या दिवशी इथे नसेन याची तू खात्री करून घेतोयस."

त्याचे हात थांबले. आई आतून दारात आली आणि तिथेच उभी राहिली. लसूण सोलायला कोणाला बसवायचं हे तिला त्या वेळी सुचलं नसावं. मी विचारलं, फळीवर रंधा कोणी मारला होता. मिस्त्रीचं नाव सांगशील तर मी त्याला इथे घेऊन येईन, असंही म्हटलं.

"मी मारला," बा म्हणाला.

मला वाटलं होतं की हे ऐकलं की मी ओरडेन. तसं काही झालं नाही. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. मिस्त्री थांब म्हणाला होता हे खरं. नारळी पौर्णिमा उलटून गेली होती, बाकीच्या होड्या धंद्याला लागल्या होत्या, आणि स्वतःची पहिली होडी किनाऱ्यावर उभी. त्याच्याने धीर धरवला नाही. समुद्रात पाणी आत यायला लागलं तेव्हा सगळे उपसत होते आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. मग काकाचा हात सापडला.

"मला कायतरी बोलायचं होतं," बा म्हणाला. "तोंडातून निघून गेलं, पोरीचं पाऊल बरं नव्हतं. बोललो आणि सगळे गप झाले. कोण मला कायच बोललं नाही. मग दुसऱ्या दिवशी मीच जाऊन फळी तासली. आणि पुढं पुढं मला ते खरंच वाटायला लागलं. तू किनाऱ्यावर दिसलीस की माझ्याने होडी लोटवायची नाही."

"म्हणून घोलवडला पाठवलंस."

"म्हणून पाठवलं."

"आणि पेढे?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "पेढे खरे होते."

हे लिहिताना मला पुष्कळदा वाटलं की इथे थांबावं. वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण मी तेव्हा तशी नव्हते आणि आजही नाही. मला लगेच शंका आली की हा आता का सांगतोय. इंजिनाची होडी आहे, भागीदारी आहे, मनावरचं ओझं उतरवून पाण्यात जायचंय, म्हणून मला कबुली देऊन मोकळा होतोय. मी म्हटलं, तू मला एकटीला सांगितलंस, पण बोललास ते सगळ्यांसमोर होतंस. आता सगळ्यांसमोर सांग. काकाला सांग. त्याची बोटं तुझ्या घाईने गेली की माझ्या पायाने, ते त्याला कळायला नको?

बा म्हणाला, इतक्या वर्षांनी भावाला दुखवायचं का. मी म्हटलं, मला दुखवताना वर्षं मोजली नव्हतीस. आई म्हणाली, पुरे. मी वह्या उचलल्या आणि आत गेले. ते दोन-तीन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. तो बोलणार नाही याची मला खात्री होती. आणि बोलला नाही तर मी तलासरीला खोली घेऊन राहायचं, इथे परत यायचं नाही, हेही मी ठरवलं होतं. एका सहकारी बाईंना खोली बघायला सांगूनही ठेवलं होतं.

अमावास्येला मी रजा टाकली. नोकरीतली माझी पहिली रजा. दुपारी किनाऱ्यावर गेले, सरळ वाटेने, आणि होडीपासून चार हातांवर उभी राहिले. बोलणी हळूहळू बंद झाली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. आमच्याकडे हा खेळ फार मुरलेला आहे, डोळ्यांनी एवढं बोलतात की तोंड उघडावं लागत नाही. काकू माझ्याकडे येताना दिसली आणि मला वाटलं, आता मीठ. पण ती नुसती शेजारी उभी राहिली. का, ते तिचं तिला ठाऊक.

पाणी चढत होतं. बाने होडीला हात लावला आणि मग काढून घेतला. काकाकडे वळून त्याने एका दमात सांगितलं की मागच्या होडीच्या वेळी मिस्त्री थांब म्हणाला होता, मी ऐकलं नाही, तुझी बोटं माझ्यामुळे गेली, पोरीच्या पायाचं मी खोटं बोललो. आवाज चढवून नाही, पण सगळ्यांना ऐकू येईल असं सांगितलं.

काकाने तंबाखू थुंकली. म्हणाला, "ते मला ठाऊक होतं, दादा. होडीतच ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं." आणि राहिलेल्या बोटांनी होडीवर थाप मारून म्हणाला, "चल, पाणी निघून जाईल."

मला बाच्या कबुलीने जे झालं नाही ते या वाक्याने झालं. इतकी वर्षं मी समजत होते की ही अडाणी माणसं, यांना खरंच वाटतं माझा पाय वाईट आहे, आणि शिकलेल्या माणसाने समजून घ्यावं. त्यांना तसं वाटत नव्हतं. त्यांना ठाऊक होतं. होडीच्या मालकाला दोष देण्यापेक्षा त्याच्या मुलीला मीठ आणायला पाठवणं सोयीचं होतं, एवढंच. मी तिथे उभी राहून रडले. लपवलं नाही, पदर तोंडाला लावला नाही. बघू देत म्हटलं. बघत होतेच.

मग कोणीतरी बायकांमधून म्हणालं, आता हिलाच चढवा, हिचंच पाऊल पडू दे, म्हणजे सगळं निस्तरेल. कुंकवाचं ताट माझ्याकडे सरकलंसुद्धा. काकाची धाकटी मुलगी, जिला त्या दिवशी चढायचं होतं, ती नवा परकर धरून माझ्याकडे घाबरून बघायला लागली, तिचा मान जातो की काय म्हणून.

मी नाही म्हटलं. "काल वाईट होता, आज चांगला झाला. पाय तोच आहे माझा. मला दोन्ही नको."

कोणाला राग आला असेल तर त्यांनी दाखवला नाही. त्या मुलीचं पाऊल पडलं, माणसांनी खांदे लावले, होडी गेली. मी ती जाताना पूर्ण बघितली, इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत. बाशी मी त्या संध्याकाळी बोलले नाही. चार दिवसांनी बोलले, तेही इंजिनाला तेल किती लागतं एवढंच. तलासरीतली खोली नको म्हणून मात्र मी दुसऱ्या दिवशीच त्या बाईंना सांगितलं. माझ्या घरातून मी का जाऊ?

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले ती किनाऱ्याच्या वाटेने. होड्या निघत होत्या. मला येताना बघून दोघांनी लोटायचं थांबवलं आणि उगाच दोर बघितल्यासारखं केलं, मी पुढे जाईपर्यंत. सगळं ऐकलं होतं त्यांनी, आदल्या दिवशी तिथेच होते. तरी थांबले. मला पाय उचलून पळावंसं वाटलं आणि उकिरड्याची वाटही दिसत होती. मी सावकाश चालले. त्यांच्या होडीपाशी आले तेव्हा छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि भरती किती वाजेपर्यंत आहे ते विचारलं. एकाने उत्तर दिलं, दुसऱ्याने नाही.

पुढे महिनाभरात पहिल्याने थांबायचं सोडलं. दुसरा थांबायचाच. मीही रोज जायचे, आणि रोज त्याला काही ना काही विचारायचे.